यादवींतील वृत्तपत्रें : साक्षी कीं पक्षकार ?

मंडळाच्या एका मासिक सभेंत एका तरुण अभ्यासकानें वाचलेल्या निबंधावरून जो वाद झाला, तो प्रस्तुत टिपणाचें निमित्त होय. निबंधाचा विषय अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत इ. स. १८६१ ते १८६५ या काळांत झालेलें यादवी युद्ध हा होता, आणि त्याचा सर्व आधार तत्कालीन वृत्तपत्रांचा होता. निबंधकाराचें म्हणणें असें कीं, घटनेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशींच छापून प्रसिद्ध झालेला दिनांकित मजकूर हा अस्सल कागदाच्या पंक्तीचा मानिला पाहिजे; मागाहून रचलेल्या बखरीचे दोष त्यांत शिरत नाहींत. यावर एका वयोवृद्ध सभासदांनीं उत्तर दिलें कीं, यादवींतील वृत्तपत्र म्हणजे रोज छापलेली बखरच; तिच्यांतून इतिहास काढूं पाहणें म्हणजे वाळू रगडणें होय. दोन्ही मतें आम्हीं आदरपूर्वक ऐकून घेतलीं. परंतु दोन्हीही आम्हांस अर्धींच ग्राह्य वाटलीं. उरलेल्या अर्ध्याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम ‘यादवी’ या शब्दाकडेच पाहूं. प्रभासक्षेत्रीं आपसांत लढून नष्ट झालेल्या यादवांच्या कथेवरून आपल्या भाषेनें हा शब्द घेतला आहे, आणि इतर युद्धांहून या युद्धाचा भेद त्यांत नेमका उतरला आहे. परकीय शत्रूचें वृत्तपत्र वाचावयाचें तर दुभाष्या लागतो. यादवींत तो लागत नाहीं. भाषा एक, छापण्याची रीत एक, आणि कालपरवांपर्यंत वर्गणीदारही कित्येक ठिकाणीं एकच. त्यामुळें यादवींतील प्रत्येक अंकास दोन वाचक असतात : एक आपला, ज्यास धीर द्यावयाचा, दुसरा शत्रु, ज्यापासून लपवावयाचें किंवा ज्यास फसवावयाचें. ज्या लेखास असे दोन वाचक आहेत तो लेख सरळ राहणें कठीण. संशोधकानें पहिल्या ओळीपासून हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आतां प्रमाणाची गोष्ट. नैयायिकांनीं शब्द हें प्रमाण मानिलें आहे. पण तें आप्ताच्या शब्दापुरतें. वस्तु जशी आहे तशी ज्यानें जाणली, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. म्हणजे ज्ञान व इच्छा अशा दोन अटी झाल्या. तारायंत्राच्या युगांतील वृत्तपत्राला तिसरी अट लावणें आम्हांस अवश्य वाटतें. ती म्हणजे मोकळीक. बातमीदारानें पाहिलें, त्याला सांगावयाचेंही आहे. परंतु तार सरकारच्या ताब्यांत असेल तर त्याचा शब्द छापखान्यापर्यंत पोंचेलच असें नाहीं. या तीन अटी एकेक घेऊन त्या युद्धांतील कांहीं प्रसंग तपासून पाहूं.

मोकळिकीपासून आरंभ करूं. ता. २१ जुलै १८६१, रविवार, या दिवशीं व्हर्जिनियांतील बुल रन नांवाच्या ओढ्याकांठीं पहिली मोठी लढाई झाली. दुपारपर्यंत उत्तरेच्या सैन्याची सरशी दिसत होती, व तशा तारा वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कास गेल्या. दिवस कलल्यावर तेंच सैन्य फुटून राजधानीकडे पळत सुटलें. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे संपादक हेन्री रेमंड हे स्वतः त्या ठिकाणीं हजर होते. त्यांची विजयाची तार निघून गेली. पराभवाची तार मात्र सरकारी तपासनिसानें अडविली. परिणाम असा झाला कीं, सोमवारीं सकाळीं न्यूयॉर्कचे लोक जयाची वार्ता वाचीत असतां पराभूत शिपाई वॉशिंग्टनच्या रस्त्यांतून पावसांत भिजत चालले होते. द्रोणपर्वांतील अश्वत्थाम्याच्या वधाची वार्ता येथें कोणास आठवणार नाहीं? धर्मराजाचे शब्द खोटे नव्हते. त्यांतील अर्धा भाग द्रोणाच्या कानीं पडला नाहीं, एवढेंच. बुल रनच्या तारांत एकही अक्षर बनावट नव्हतें. जें गेलें तें दुपारपुरतें खरें होतें, आणि जें खरें ठरलें तें गेलें नाहीं. आमच्या निबंधकारानें जर सोमवारचाच अंक उघडला असता, तर ‘अस्सल, दिनांकित व समकालीन’ असा पुरावा त्याच्या हातीं आला असता आणि तो पूर्णपणें चुकीचा असता.

फेब्रुवारी १८६२ मध्यें लिंकनच्या सरकारानें देशांतील सर्व तारायंत्रें लष्करी देखरेखीखालीं घेतलीं. लष्करी हालचाली गुप्त राहाव्या हा हेतु योग्यच होता. तरी काँग्रेसच्याच एका समितीनें त्याच वर्षीं चौकशी करून असा अभिप्राय दिला कीं, लष्कराशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं असा राजकीय मजकूरही तपासनीस अडवीत आले आहेत. पुढें जून १८६३ मध्यें जनरल बर्नसाइड यानें ‘शिकागो टाइम्स’ हें सरकारविरोधी पत्र बंद पाडिलें, आणि अवघ्या तीन दिवसांत लिंकननें तो हुकूम मागें घेतला. दक्षिणेकडे बंधन निराळें होतें. बंदरें कोंडलीं गेल्यामुळें कागद, शाई व खिळे यांचा दुष्काळ पडला. पत्रांचा आकार आंखडत गेला. कित्येक पत्रें एकाच तावावर निघूं लागलीं. कागद चार पृष्ठांवरून दोन पृष्ठांवर आला म्हणजे कोणता मजकूर गळतो, हें संपादक सांगत नाहीं. तें आपण शोधावयाचें असतें.

दुसरी अट ज्ञानाची. विल्यम हॉवर्ड रसेल हा लंडनच्या ‘टाइम्स’चा नामांकित बातमीदार. क्रिमियाच्या युद्धांतील पत्रांनीं त्याची कीर्ति झाली होती, आणि आमच्या देशांत १८५८ सालीं लखनौच्या मोहिमेबरोबरही तो फिरला होता. बुल रनच्या पळापळीचें त्यानें केलेलें वर्णन समुद्र ओलांडून लंडनास गेलें, तेथें छापलें, आणि ऑगस्टांत परत अमेरिकेंत आलें. तेव्हां उत्तरेंत त्याच्याविरुद्ध एकच गहजब उडाला. १८६२ च्या वसंतांत सैन्याबरोबर जाण्याची परवानगी त्यास मिळाली नाहीं, व तो स्वदेशीं परतला. त्याचें वर्णन खोटें होतें काय? नाहीं. परंतु तो पोंचला तेव्हां लढाई उलटत आली होती. त्यानें पाहिली ती पळापळ, लढाई नव्हे. त्या दिवशीं दुपारपर्यंत उत्तरेचे जे शिपाई नेटानें लढले, ते त्याच्या डोळ्यांसमोर आलेच नाहींत. प्रत्यक्ष हें श्रेष्ठ प्रमाण खरें, पण तें ज्या जागीं व ज्या घटकेस घडलें तेवढ्यापुरतेंच.

ज्ञानाच्या या अटीबाबत आम्हांस आमचाही एक दोष कबूल केला पाहिजे. न्यूयॉर्क शहरांत ता. १३ ते १६ जुलै १८६३ या चार दिवसांत सक्तीच्या लष्करभरतीवरून भयंकर दंगा झाला. दंगेखोरांनीं कृष्णवर्णीय अनाथ बालकांचें वसतिगृह जाळलें, अनेक कृष्णवर्णीयांस ठार मारिलें, व ‘ट्रिब्यून’ पत्राच्या कचेरीवरही हल्ला केला. या दंग्यांत सुमारें एक हजार माणसें मेलीं असें आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत निःशंकपणें सांगत आलों. कारण त्या दिवसांच्या बातम्यांवरून उतरलेला तो आंकडा एका जुन्या पुस्तकांत आम्हीं वाचला होता. पुढील संशोधकांनीं मृतांच्या नोंदी एकेक तपासून शंभर-सव्वाशेंच्या आंत-बाहेरची संख्या काढिली, हें आम्हांस सेवानिवृत्तीनंतर कळलें. धुरानें भरलेल्या रस्त्यांत उभा राहून प्रेतें मोजणाऱ्या बातमीदारास आम्ही दोष देत नाहीं. दोष आमचा, कारण आम्हीं पाहिलेल्याची व ऐकिलेल्याची निवड केली नाहीं, आणि कित्येक वर्गांच्या वह्यांत एक चुकीचा आंकडा उतरवून ठेविला.

तिसरी अट इच्छेची. आणि यादवींत हीच सर्वांत नाजूक. होरेस ग्रीली हा ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चा संपादक त्या काळचा अत्यंत वजनदार लेखक. त्याच्या पत्रानें जून १८६१ मध्यें ‘रिचमंडवर चाल करा’ अशी घोषणा रोज छापण्यास आरंभ केला. सैन्याची तयारी नसतां लढाई देण्याची घाई सरकारास झाली, तिला जीं कारणें झालीं त्यांत या घोषणेनें उठविलेल्या लोकमताची गणना होते. बुल रनच्या पराभवानंतर ग्रीलीनें पत्रांतून खुलासा केला खरा, परंतु ता. २९ जुलै रोजीं त्यानें लिंकनला एक खाजगी पत्र लिहिलें, त्यांत तो पूर्णपणें खचलेला दिसतो, आणि बंडखोरांस जिंकणें अशक्य असेल तर त्यांच्या अटींवर तह करण्याची गोष्टही तो काढितो. ज्यानें छापील पान वाचिलें त्यास एक ग्रीली दिसला. ज्यानें हें पत्र उघडलें त्यास दुसरा. संशोधकास दोन्ही लागतात. एकाच्या जोरावर दुसऱ्यास खोटें ठरवितां येत नाहीं. कारण एकच मनुष्य एकाच आठवड्यांत लोकांसमोर धीराचा व एकांतांत निराशेचा असूं शकतो.

याहून सूक्ष्म उदाहरण पुढच्या वर्षींचें आहे. ता. २० ऑगस्ट १८६२ रोजीं ग्रीलीनें लिंकनला उघड पत्र लिहून गुलामांच्या मुक्ततेविषयीं जाब विचारला. लिंकननें ता. २२ रोजीं त्याचें उत्तर लिहिलें व तेंही वृत्तपत्रांतूनच प्रसिद्ध झालें. आपला मुख्य उद्देश राज्यसंघ राखण्याचा आहे. गुलामगिरीचें रक्षण किंवा नाश हा त्या उद्देशाच्या पोटांत येतो, असा त्याचा भावार्थ. हें उत्तर वाचून लिंकनचा निश्चय अद्याप झालेला नाहीं असेंच कोणीही म्हणेल. परंतु मुक्ततेच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यानें महिन्यापूर्वींच, म्हणजे ता. २२ जुलै रोजीं, आपल्या मंत्रिमंडळास वाचून दाखविला होता, आणि युद्धांत एखादा जय मिळेपर्यंत तो प्रसिद्ध करूं नये असें ठरलें होतें. ता. २२ सप्टेंबरला तो बाहेर पडला. उत्तरांत असत्य नाहीं. पण जें उक्त आहे त्याहून अनुक्त मोठें आहे. उक्तावरून सिद्धांत बांधणाऱ्यानें अनुक्ताची चौकशी आधीं करावी, हा धडा याहून चांगल्या रीतीनें कोणतें उदाहरण शिकवील?

मौनाचाही एक प्रकार आहे, आणि तो आमच्या निबंधकारास विशेष बाधक झाला आहे. त्यानें आधुनिक सोयीचा उपयोग करून संगणकावर सेनापतींचीं नांवें घातलीं, कोणाचें नांव किती वेळां छापलें तें मोजलें, आणि त्यावरून कोणाची लोकप्रियता केव्हां चढली व केव्हां उतरली याचें कोष्टक मांडिलें. त्या कोष्टकांत १८६४ च्या उन्हाळ्यापासून जनरल मीड याचें नांव एकाएकीं विरळ होतें, व निबंधकार म्हणतो कीं मीडचें महत्त्व तेथें संपलें. वस्तुस्थिति अशी कीं, ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’च्या एडवर्ड क्रॅप्सी या बातमीदारानें मीडच्या धैर्याविषयीं शंका येईल असा मजकूर छापला, मीडनें रागावून जून १८६४ मध्यें त्याच्या गळ्यांत निंदाव्यंजक पाटी अडकवून, जनावरावर उलटा बसवून, छावणीभर त्याची धिंड काढिली व त्यास हांकलून दिलें. तेव्हां इतर बातमीदारांनीं आपसांत ठरविलें कीं यापुढें मीडचें नांव चांगल्या प्रसंगीं लिहावयाचेंच नाहीं. मीड मात्र युद्ध संपेपर्यंत आपल्या सैन्याचा सेनापति होताच. मोजदाद बिनचूक होती; परंतु जें मोजलें तें मीडचें महत्त्व नव्हे, बातमीदारांचा रोष होय.

इच्छेच्या दोषाची पराकाष्ठा म्हणजे बनावट. ता. १८ मे १८६४ रोजीं न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ व ‘जर्नल ऑफ कॉमर्स’ या पत्रांत लिंकनच्या नांवानें एक जाहीरनामा छापून आला. त्यांत चार लाख नवे शिपाई मागितले होते व देशानें उपवास-प्रार्थनेचा दिवस पाळावा असें म्हटलें होतें. तो मजकूर ‘असोसिएटेड प्रेस’च्या तारेच्या नमुन्यावर लिहून, रात्रपाळीचे संपादक घरीं जाण्याच्या वेळेस, पहांटेच्या सुमारास छापखान्यांत पोंचविला होता. करणारा जोसेफ हॉवर्ड हा स्वतः पत्रकारच होता. अशुभ वार्तेनें सोन्याचा भाव चढेल व आपण नफा करूं, असा त्याचा हिशेब. सरकारनें दोन्ही पत्रांच्या कचेऱ्यांवर शिपाई बसविले, व लबाडी उघड होऊन हॉवर्ड तुरुंगांत गेल्यावर कांहीं दिवसांनीं पत्रें पुनः निघालीं. आपल्या मंडळास बनावट सनदा व खोटे महजर नवे नाहींत. शिक्का कोणाचा, अक्षर कोणाचें, कागद कोणाच्या लाभाचा, हे प्रश्न आपण त्यांस विचारतोंच. तेच प्रश्न छापील बातमीसही विचारावे, एवढेंच आमचें सांगणें. दोन महिन्यांनीं, ता. १८ जुलै रोजीं, लिंकननें खरोखरच पांच लाख माणसें मागितलीं. यावरून बनावट कागद घडविणारा संभवनीय गोष्टच निवडतो, हेंही ध्यानांत यावें.

येथवर वाचून आमचे वयोवृद्ध मित्र म्हणतील कीं, मग आमचेंच मत ठरलें. वृत्तपत्रें टाकून द्या. परंतु तसें नव्हे. पक्षकाराचें म्हणणें न्यायाधीश टाकून देत नाहीं; तो तें निराळ्या रीतीनें ऐकतो. पक्षकार जें सिद्ध करूं पाहतो त्याकडे तो सावधपणें पाहतो. आणि जें सिद्ध करण्याचा पक्षकाराचा हेतु नसतां त्याच्या तोंडून निसटतें, तें लिहून ठेवितो. वृत्तपत्रांचें खरें मोल या निसटलेल्या मजकुरांत आहे.

हें त्या काळच्या सेनापतींसही कळत होतें. जनरल शर्मन हा बातमीदारांचा कट्टर वैरी. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’च्या टॉमस नॉक्स या बातमीदारास त्यानें १८६३ च्या आरंभीं लष्करी न्यायालयापुढें उभें केलें होतें. परंतु तोच शर्मन शत्रूचीं वृत्तपत्रें मन लावून वाची. सप्टेंबर १८६४ मध्यें दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यानें जॉर्जियांतील मेकन येथें लोकांस धीर देण्यासाठीं भाषण केलें व तें पत्रांत छापलें गेलें. शत्रूच्या पिछाडीवर घाला घालण्याचा आपला बेत त्यानें त्यांत जवळजवळ सांगूनच टाकिला, आणि शर्मनला तो अनायासें कळला. नोव्हेंबरांत शर्मन अटलांटाहून समुद्राकडे निघाला, तेव्हां त्याचा व वॉशिंग्टनचा तारेचा संबंध तुटला. त्या पांच आठवड्यांत त्याची खबर उत्तरेस मिळाली ती मुख्यतः दक्षिणेच्या पत्रांतून. शत्रूची निंदा करण्यासाठीं लिहिलेल्या ओळींत शत्रु कोणत्या गांवीं पोंचला हें आपोआप येत होतें. निंदा पक्षकाराची, गांवाचें नांव साक्षीचें.

व्हिक्सबर्गचें उदाहरण आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास फार मनोरंजक वाटतें. मिसिसिपीकांठचें हें शहर ग्रँटच्या वेढ्यांत सांपडलें होतें. तेथील ‘डेली सिटिझन’ पत्राचा कागद संपला, तेव्हां तें भिंतीस लावावयाच्या चित्रित कागदाच्या पाठीवर छापलें जाऊं लागलें. ता. २ जुलै १८६३ च्या अंकांत, ग्रँट चार जुलैचें जेवण व्हिक्सबर्गांत घेणार म्हणे, अशा अर्थाची थट्टा आहे. चार जुलैला शहर पडलें. आंत आलेल्या शिपायांस तो अंक जुळविलेल्या खिळ्यांसह तसाच सांपडला. त्यांनीं तळाशीं आपलें टिपण जोडून तो छापून काढिला. एकाच तावावर मूळ व प्रक्षेप, आणि दोहोंचे कर्ते परस्परांचे शत्रु ! पुढें या अंकाच्या असंख्य नकला निघाल्या; अस्सल प्रत ओळखावयाची तर तावाचें माप व खिळे जुळविणाऱ्याच्या चुका पाहाव्या लागतात. पोथीची शाखा ओळखतांना आपण लेखकप्रमादांचाच आधार घेतों. तीच रीत येथें चालते. बखरींत मूळ व भर वेगळीं काढतां येतात, तशीं वृत्तपत्रांतही येतात. मात्र त्यासाठीं अंक हातांत घेऊन पाहिला पाहिजे, केवळ त्यांतील शब्द मोजून भागत नाहीं.

आतां जें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें सांगतों. १८६० सालीं त्या देशांत सुमारें ४० लाख माणसें गुलामगिरींत होतीं. युद्ध ज्यांच्या दास्यावरून पेटलें त्यांच्या हातीं दक्षिणेंत छापखाना नव्हता. बहुतेक दक्षिणी संस्थानांत त्यांस लिहावयास-वाचावयास शिकविणेंही कायद्यानें निषिद्ध होतें. दक्षिणेच्या पत्रांतील अग्रलेख वाचले तर गुलाम सुखी आहेत, धन्यावर त्यांची भक्ति आहे, आणि त्यांस स्वातंत्र्याची इच्छा नाहीं, असें जागोजाग आढळतें. परंतु त्याच पत्रांचें पान उलटून जाहिरातींचे रकाने पाहावे. तेथें तोच वर्ग पळालेल्या गुलामांच्या शोधासाठीं बक्षिसें लावीत आहे. अमुक वर्षांचा पुरुष, पाठीवर फटक्यांचे वण, सुतारकाम जाणतो. अमुक स्त्री, पूर्वीं विकल्या गेलेल्या नवऱ्याच्या गांवाकडे गेली असावी. अमुक इसमास लिहितां-वाचतां येतें, सबब परवाना स्वतःच बनवून घेईल. धन्यानें हा मजकूर आपली मालमत्ता परत मिळावी म्हणून लिहिला. ओळख पटावी म्हणून त्यास खरें लिहिणें भाग होतें. वण नसतां वण लिहून त्याचें काम होणार नव्हतें. म्हणून अग्रलेख हें पक्षकाराचें निवेदन, आणि जाहिरात ही त्याच पक्षकाराची अनिच्छेची कबुली. एकाच अंकांत दोन्ही छापलेलीं असतां आमच्या निबंधकारानें पहिलेंच वाचावें, याचा आम्हांस खेद वाटतो.

वार्तांचा विरोध आला म्हणजे काय करावें, याचें उदाहरण फोर्ट पिलोचें. टेनेसी संस्थानांतील हा किल्ला ता. १२ एप्रिल १८६४ रोजीं दक्षिणेच्या जनरल फॉरेस्टनें घेतला. शरण येऊं पाहणाऱ्या कृष्णवर्णीय शिपायांची कत्तल झाली असें उत्तरेच्या पत्रांनीं लिहिलें. दक्षिणेकडून ही शत्रूची बनावट असल्याचें सांगण्यांत आलें. दोन्ही पक्षकारच, तेव्हां मध्यें कोठें तरी सत्य असेल असें म्हणून अर्धें-अर्धें वांटून घेणें सोपें होतें, व बराच काळ कित्येकांनीं तसेंच केलें. परंतु पुढें पलटणींच्या हजेरीपटांवरून हिशेब केला तेव्हां असें दिसलें कीं, किल्ल्यांतील श्वेतवर्णीय शिपायांपैकीं सुमारें एक-तृतीयांश मेले, तर कृष्णवर्णीयांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश. आणि फॉरेस्टच्याच सैन्यांतील एका सार्जंटानें लढाईनंतर थोड्याच दिवसांत आपल्या बहिणींस लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. त्यांत त्यानें ती कत्तल स्वतः पाहिल्याचें लिहिलें आहे. निःपक्षपात म्हणजे दोन वार्तांची सरासरी नव्हे. ज्याचा हेतु आणि ज्याचें वचन परस्परविरुद्ध दिशेस जातात, त्याच्या वचनास अधिक वजन द्यावें, हा नियम येथें लागू पडतो.

ज्यांच्या हातीं आरंभीं लेखणी नव्हती त्यांनीं ती पुढें मिळविली, हेंही नमूद केलें पाहिजे. फिलाडेल्फियाच्या ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’ व न्यूयॉर्कच्या ‘अँग्लो-आफ्रिकन’ या पत्रांत कृष्णवर्णीय शिपायांनीं पाठविलेलीं पत्रें आहेत. श्वेत शिपायास दरमहा १३ डॉलर मिळत असतां आपणांस १० मिळतात, व त्यांतूनही ३ कपड्यांसाठीं कापले जातात, अशी तक्रार त्यांत आहे. ‘फिलाडेल्फिया प्रेस’चा टॉमस मॉरिस चेस्टर हा कृष्णवर्णीय बातमीदार एप्रिल १८६५ मध्यें रिचमंड पडल्यावर तेथील विधिमंडळाच्या दालनांत, सभापतीच्या खुर्चींत बसून, आपली बातमी लिहीत होता. आणि युद्धानंतर ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’मध्यें वर्षानुवर्षें निराळ्याच जाहिराती येत राहिल्या : कोठें विकली गेलेली आई, कोठें तुटलेला भाऊ, यांचा ठावठिकाणा कोणास ठाऊक असल्यास कळवावा. पूर्वीं धनी ज्या रकान्यांत पळालेल्या गुलामांस शोधीत असत, तशाच रकान्यांत आतां मुक्त झालेलीं माणसें आपल्या जिवलगांस शोधूं लागलीं. त्या यादवीचा परिणाम काय, असें कोणीं विचारिलें तर आम्ही सेनापतींच्या खलित्यांआधीं हे दोन प्रकारचे रकाने त्याच्यापुढें ठेवूं.

या वार्तांची लाट आमच्या देशापर्यंतही आली होती. अमेरिकेचा कापूस बंद झाला तेव्हां मुंबईच्या कापसाचा भाव चढला. त्या पैशावर नव्या कंपन्या व पेढ्या निघाल्या. १८६५ सालीं लढाई संपल्याची बातमी येतांच भाव कोसळून त्यांतील पुष्कळ बुडाल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यानें त्या युद्धाच्या बातमींत कापसाचा भाव वाचला. पुण्याच्या जोतीराव फुले यांनीं त्याच युद्धाच्या परिणामांत दास्यविमोचन वाचलें, आणि १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक गुलामांस मुक्त करण्याच्या कामीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. वार्ता एक, वाचणारा जें शोधतो तें त्यास मिळतें. म्हणून वाचणाऱ्यानें आपणांस काय हवें आहे हेंही प्रथम तपासावें. त्यांत आम्ही संशोधकही आलों.

सारांश, यादवींतील वृत्तपत्रांतील कोणतीही ओळ आधारास घेण्यापूर्वीं पांच प्रश्न विचारावे. हें कोणीं पाहिलें, व किती पाहिलें? कोणाच्या परवानगीनें तें छापखान्यांत आलें? कोणत्या दोन वाचकांस उद्देशून तें लिहिलें आहे? पुढील अंकांत तें दुरुस्त झालें काय? आणि त्याच पानावर, लेखकाचा हेतु नसतां, त्याच्याविरुद्ध बोलणारें कांहीं आहे काय? पहिले चार प्रश्न आमच्या वयोवृद्ध मित्रांच्या संशयाचें समाधान करतील. पांचवा आमच्या तरुण मित्राच्या उत्साहास काम देईल. त्याचा निबंध टाकाऊ नाहीं. त्यानें श्रम केले आहेत व अंक पुष्कळ जमविले आहेत. त्यानें तेच अंक पुनः एकदां उघडावे. आणि या खेपेस पहिलें पान वाचून झाल्यावर शेवटचें पान वाचल्यावांचून अंक मिटूं नये, एवढी आमची विनंती आहे.